खुर्चीखालचे दोन इंच

"हात छातीवर घ्या, काकू. असे. आता खुर्चीला, भिंतीला, काकांना, कुणालाही हात न लावता उठा."

मालननं हात छातीवर घेतले. पुढं झुकली, दात आवळले आणि जागच्या जागी परत बसली.

"आणखी एकदा."

दुसऱ्यांदा ती चार बोटं वर आली. मांड्या थरथरायला लागल्या. मी पुढं होऊन तिच्या काखेत हात घातला.

"काका, मागं व्हा," मगदूम मॅडम म्हणाल्या. "तुम्ही उचललंत तर व्यायाम तुम्हाला होतो."

मालन हसली. मी मागं झालो.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो, मालन बासष्टची. गडहिंग्लजमध्ये आमचं तीन खोल्यांचं घर आणि मागं माझं सुतारकामाचं छप्पर. त्याच्या चार महिने आधी मालन धुण्याच्या दगडाजवळ घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून सळी घातली. नंतर तीन महिने ती खाटेवर होती. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाड चांगलं जुळलंय, आता खाली बसायलाही हरकत नाही, पण पायात ताकद राहिलेली नाही. म्हणून त्यांनी मगदूम मॅडमना घरी पाठवलं. तिशीची मुलगी, स्कूटरवरून यायची, बोलायला खणखणीत.

"काकू, तुम्हाला नक्की काय जमायला पाहिजे? मंदिरात जायचंय? बाजार करायचाय?"

"मला पाटावर बसून उठायचंय," मालन म्हणाली. "दहा आठवड्यांत."

"दहाच का?"

"पोरगी उज्ज्वला येणार हाय बाळंतपणाला. लग्नाला नऊ वर्षं झाली, आत्ता कुठं दिवस ऱ्हायलेत. तिचं बाळ मी माझ्या पायावर घेणार."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, आमच्या गल्लीतली पस्तीस वर्षांतली बहुतेक पोरं मालननं न्हाऊ घातलेली आहेत. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करून जुळवायचे, त्यावर बाळ पालथं घालायचं, तेल चोळायचं, डाळीचं पीठ लावायचं, कुणीतरी वरून कढत पाणी सोडायचं. चार घरी बाळं असली तर मालन सकाळी चारही घरं करायची. पैसे कुणी दिले तर घ्यायची, लुगडं दिलं तर घ्यायची, काही दिलं नाही तरी दुसऱ्या दिवशी जायची.

"आणि मीच माझ्या नातवाला दुसऱ्या बाईच्या पायावर बघू?" मालन म्हणाली.

"जमेल," मॅडम म्हणाल्या. "पण पायरी पायरीनं उतरायचं. ही खुर्ची किती इंच आहे, काका?"

"अठरा."

"आधी अठरावरून हात न लावता दहा वेळा उठबस. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. बसताना धपकन बसायचं नाही, पाच आकडे मोजत बसायचं. ते सहज जमलं की बारा इंचाचं स्टूल. मग पाट. शिवाय पडल्या पडल्या घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा आणि ओट्याला धरून टाचा वर करायच्या. पाय भरून आले तर चालेल, खुब्यात कळ आली तर थांबायचं."

निघताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही सुतार आहात ते बरं झालं. मापाची जबाबदारी तुमची."

वाळूची पिशवी मी जुन्या पँटच्या पायाची शिवली. टाचांचा व्यायाम मालन स्वयंपाक करता करताच करायची, भाजी ढवळायची आणि वरखाली व्हायची. पण खुर्ची काही तिला जमेना. पहिल्या दिवशी एकदाही नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा. पाचव्या दिवशी एकदाच, आणि तेही ओरडून. मग ती भिंतीकडं तोंड करून बसली.

"उज्ज्वलाला फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, दुसरी बाई बघून ठेव."

"अगं, पाचच दिवस झाले."

"माझे पाय हायत, मला कळतंय. ह्यात काय ऱ्हायलेलं न्हाई."

त्या दुपारी ती झोपल्यावर मी खुर्ची छपरात नेली. एक इंचाचे चार ठोकळे कापले, खुर्चीच्या पायांना खालून सरस लावून बसवले, खुंट्या मारल्या, रंधा फिरवला आणि वरून तेच पॉलिश दिलं. सांधा मलाच दिसत नव्हता. चार वाजता खुर्ची परत जागेवर होती.

"पॉलिश केलं?" वास घेत मालन म्हणाली.

"पायांना वाळवी लागायला नको म्हणून."

संध्याकाळी ती तीनदा उठली. दुसऱ्या दिवशी पाचदा. तिचा चेहराच बदलला. मी आणखी एका इंचाचा थर चढवला. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत असं ती म्हणाली, तेव्हा मी सांगितलं की घरात चप्पल घालून व्यायाम कर, घसरायची भीती नको. तिनं चप्पल घातली.

"मोजा की वो! गप काय बसलाय?"

"आठ."

"आठ न्हवं, नऊ! झोपलाय का काय?"

पंधरा दिवसांनी मगदूम मॅडम आल्या. मालननं त्यांच्यासमोर दहा वेळा उठबस केली, वर अकरावी करून दाखवली.

"काकू, हे मला अपेक्षित नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "फारच लवकर. ठीक आहे. काका, आता बारा इंचाचं स्टूल करा."

मी स्टूल केलं. पंधरा इंचाचं. कुणी मोजलं नाही. सुताराच्या घरात सुतारानं सांगितलेलं माप टेप लावून कोण बघणार?

मालननं गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला ती स्टुलावरून उठून दाखवायची. भाजीवालीलासुद्धा दाखवलं. मी समोर बसून बघायचो आणि मलाही खरंच वाटायला लागलं होतं की हिचे पाय सुधारतायत. थोडे सुधारलेही असतील. पण किती, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, आणि तिला ते माहीत नाही हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

उज्ज्वला निपाणीहून यायला अजून महिना होता तेव्हा समोरच्या बागवानांच्या सुनेला मुलगा झाला. शमीम, म्हणजे त्या सुनेची सासू, स्वतः आमच्या दारात आली.

"मावशी, ऐकलं की तुमी उठायबसायला लागलाय. माझी तिन्ही पोरं तुमच्या पायावर वाढली. नातवाला दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार न्हाई बघा मी."

"येते की," मालन म्हणाली.

"मॅडमनी अजून पाटाचं सांगितलेलं नाही," मी म्हणालो.

"सांगतील की. बारा इंचावरनं उठते मी. पाट दोन इंच. मधी ऱ्हायलं किती? आणि शमीम हाय की शेजारी."

"मामा, मी दोन पाट एकावर एक देते," शमीम म्हणाली. "सोडा की मावशीला थोडं."

"मालन, नको जाऊस."

तिनं माझ्याकडं बघितलं. "का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "थंडी आहे."

"कढत पाण्यात बसायचंय मला," मालन म्हणाली आणि तेलाची बाटली शोधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मागोमाग गेलो आणि बागवानांच्या पायरीवर बसलो. न्हाणी मागच्या परसात होती, पण बोलणं सगळं ऐकू यायचं. आधी बाळ किंचाळलं. मग पाण्याचा आवाज आणि मालनची बडबड. "कुणाचं नाक चपटं हाय? ह्या राजाचं? आता बघ कसं काढते. शमीम, पाणी हळू सोड, डोळ्यात जातंय. झालं रं झालं. कान पुसते आता." बाळ गप्प झालं. खूप दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. त्या आवाजात ती घरी कधी बोलायची नाही.

"द्या मावशी बाळ इकडं," शमीम म्हणाली. "उठा आता."

बांगड्या वाजल्या, ओल्या फरशीवर हात टेकल्याचा आवाज आला.

"थांब गं जरा."

मग पाट घसरल्याचा आवाज आला आणि शमीम ओरडली, "मामा! जरा आत या!"

मी धावलो. मालन न्हाणीच्या ओल्या फरशीवर बसलेली होती. लुगडं भिजलेलं, पाय लांब, हाताचे तळवे जमिनीला टेकलेले. कुठं लागलेलं नव्हतं. अर्धी उठून खाली आली होती, एवढंच. शमीम बाळाला टॉवेलात गुंडाळून उभी होती आणि दारात बागवानांची थोरली पोर तोंडावर हात ठेवून बघत होती.

मी वाकलो.

"हात लावू नका," मालन म्हणाली.

मी थांबलो. काल 'थंडी आहे' म्हणताना झालं होतं तसंच तोंड माझं झालं असणार, ती ते निरखून बघत होती.

"स्टूल किती इंचाचं हाय?"

शमीमला काही कळलं नाही. ती म्हणाली, "मावशी, आधी उठा तरी, गारठाल."

"मी ह्यांना इचारतेय. स्टूल किती इंचाचं हाय?"

"पंधरा," मी म्हणालो.

"आणि खुर्ची?"

"वीस."

तिनं मान हलवली. मग शमीमकडं हात केला. शमीमनं बाळ पोरीकडं दिलं, दोघींनी मिळून तिला उभं केलं आणि मालन माझ्याकडं न बघता, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत घरी गेली. मागं राहिलेल्या शमीमनं मला हळूच विचारलं, "मामा, उद्यापासनं दुसरी कुणी बघू का?"

"बघा," मी म्हणालो.

घरी येऊन मालन भिंतीकडं तोंड करून पडली. दुपारी जेवलीही नाही. दिवे लागायच्या वेळी मी चहा करून तिच्यापुढं ठेवला, तेव्हा म्हणाली, "का केलं?"

"तुला त्रास होत होता. बघवत नव्हतं."

"त्रास मला हुत होता का तुमास्नी?"

मी कप तिच्याकडं सरकवला.

"बाळ पायावर असताना मी घसरले असते म्हंजे? दुसऱ्याचं लेकरू. एक मिनिट आधी घसरले असते म्हंजे?"

ती थांबली होती, आणि ती थांबली की मला बोलावंच लागायचं. मी जे बोललो ते तोपर्यंत मी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

"तू बरी झालीस की सकाळी परत बाहेर पडणार," मी म्हणालो.

"मग?"

"इतकी वर्षं सकाळी मी उठायचो तेव्हा तू निघालेली असायचीस. मी गोव्याला कामाला होतो तेव्हा तर सहा सहा महिने तोंड दिसायचं नाही. हे पाच महिने तू घरात होतीस. खाटेवरून उठताना माझ्या गळ्यात हात टाकायचीस. त्याची सवय झाली."

"म्हणून?"

"म्हणून."

तिनं चहाचा कप उचलला, परत ठेवला. तिला रडू येतंय असं मला वाटलं, पण ती हसत होती. राग गेलेला नव्हता, तरी हसत होती.

"एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "एकदा तरी तोंडानं म्हणायचं हुतं की, 'मालन, आज ऱ्हा घरात.' ऱ्हायले असते एखाद दिवस. त्यासाठी माझे पाय कशाला घेतले?"

मी तिचा गार झालेला कप उचलला.

"करवत आणा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. आणि टेप आणा. टेपचं एक टोक मी धरणार."

मी खुर्ची आडवी केली आणि चारी पायांखालचे ठोकळे कापले. कापताना ती शेजारी बसून बघत होती. मग मी स्टुलाचे पाय कापले. तिनं टेप धरला, आकडा स्वतः वाचला, दोनदा वाचला. अठरा. बारा. चप्पल काढून कोपऱ्यात फेकली आणि अठरा इंचाच्या खुर्चीत बसून हात छातीवर घेतले. पहिल्यांदा उठता आलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उठली. त्या दिवशी तेवढंच.

मगदूम मॅडम आल्या तेव्हा मालन काहीच बोलली नाही. तिनं मला तोंडघशी पाडलं नाही. मीच सांगितलं. मॅडमनी वही मिटली.

"काका, मी पुढचा व्यायाम तुमच्या मापावर दिला," त्या म्हणाल्या. "काकूंना दुसऱ्या पायाचा खुबा मोडून परत खाटेवर बघायचं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग आता एक काम करा. त्या व्यायाम करतील तेव्हा तुम्ही शेजारी दुसरी खुर्ची घ्या आणि त्यांच्याबरोबर उठबस करा. हात छातीवर."

मला वाटलं ही शिक्षा आहे. पहिल्या दिवशी सातव्या उठबशीला माझेच पाय लटपटायला लागले. जन्मभर उभं राहून लाकूड कापलेलं, पण खाली बसून उठायची सवय मोडली होती. मालनला फार आनंद झाला.

"मोजा की वो! सात झाले. आठ कुठाय?"

तीन आठवड्यांत ती अठरावर दहाला आली. आठव्या महिन्याअखेर उज्ज्वला आली आणि आम्हा दोघांना शेजारशेजारच्या खुर्च्यांवर एकदम उठताना बसताना बघून दारातच हसत सुटली. "आप्पा, हे काय चाललंय? शाळा भरलीय का?" मग तीही आमच्या मध्ये बसून आकडे मोजायला लागली. बारा इंचाच्या स्टुलावर मालन सहापर्यंत पोचली. मॅडमनी तिला पाटावरून उठायची वेगळी रीत शिकवली. सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, हात टेकायचा, गुडघ्यावर यायचं, मग चांगला पाय पुढं ठेवून त्या गुडघ्यावर स्वतःचाच हात रोवायचा आणि उठायचं. सराव करताना दोघी मला खोलीच्या बाहेर काढायच्या.

चैत्रात मुलगी झाली. नाळ पडल्यावर, तेराव्या दिवशी, मालननं पाट मांडायला सांगितलं. पाणी सोडायला शमीम आली. कोरडी गोणपाटं अंथरली होती, शेजारी दुसरा पाट होता. मी दारात उभा होतो.

मालन बसली. पाय लांब करून जुळवले. शमीमनं बाळ तिच्या पायावर दिलं. एवढीशी पोर, पण आवाज केवढा! मालननं तिच्या पाठीवर तेल घातलं. तिचे हात काही विसरले नव्हते. न्हाणं झालं, बाळाला पुसून शमीमनं घेतलं आणि उज्ज्वलाकडं दिलं.

"कुणी हात लावायचा न्हाई," मालन म्हणाली. कुणाचं नाव घेतलं नाही.

ती कुशीवर वळली. हात टेकला. गुडघ्यावर आली. तिथं थोडी दमली. चांगला पाय पुढं घेतला, गुडघ्यावर हात रोवला आणि उठायला लागली. अर्ध्यावर थांबली. मांडीचं थरथरणं मला दारातून दिसत होतं. खाली जाईल असं वाटलं. मी दोन पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. मी चौकट धरून उभा राहिलो. ती चौकट मीच केलेली, सागवानी, आणि तिच्यावर माझी नखं उमटतील एवढी घट्ट मी ती धरली होती. उज्ज्वला माझ्याकडं बघत होती. मी हललो नाही.

मालन उभी राहिली.

कंबरेवर हात ठेवून तिनं श्वास घेतला. लुगडं ओलं, केसांतून पाणी गळतंय.

"काय बघताय?" ती म्हणाली. "दुसरं पाणी काढा. बाळंतिणीला न्हायचंय अजून."

तीन महिन्यांनी उज्ज्वला बाळाला घेऊन निपाणीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर मालन लुगडं खोचून, तेलाची पिशवी घेऊन तयार. खालच्या आळीत दोन घरी बाळं होती.

"जाऊ का?" तिनं विचारलं. आजवर तिनं असं कधी विचारलं नव्हतं.

"जा," मी म्हणालो.

त्यानंतर ती दहा वर्षं जात राहिली. झोपेतच गेली, त्यालाही आता दोन वर्षं होतील. आदल्या सकाळीसुद्धा ती एका बाळाला न्हाऊ घालून आली होती. ती गेल्यापासून घरात आवाजच नसतो, मला काही सुचत नाही. पूर्वी ती कामाला गेली की मी छपरात रंधा मारत बसायचो आणि मला वाटायचं, घर किती रिकामं आहे. पण तेव्हा अकरा वाजता ती परत यायची.